हायडेलबर्गच्या टेकडीवरचं बर्फ आणि भिंग

ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक जर्मनीतल्या ग्योटिंगेनचा, दुसरा इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. दोन्ही गटांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं प्रथिन एकच होतं: लोह साठवणारं अपोफेरिटिन, चोवीस तुकड्यांनी बनलेला पोकळ गोळा. ग्योटिंगेनच्या चित्रात १.२५ अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील उतरला, केंब्रिजच्या चित्रात १.२२. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग. इतक्या बारकाईला प्रथिनातले शेजारशेजारचे अणू एकमेकांपासून सुटे दिसतात. प्रथिनाचा स्फटिक न बनवता, एकेका रेणूची छायाचित्रं घेऊन अणू असे वेगळे दिसण्याची ही पहिलीच वेळ.

हे साध्य व्हायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली आणि त्यात दोन बिरादऱ्या राबल्या. एक जीवशास्त्रज्ञांची. दुसरी मटेरियल सायन्सवाल्यांची, म्हणजे धातू, सिरॅमिक आणि स्फटिक तपासणाऱ्यांची. या दोघांचे इतिहास सहसा वेगवेगळे सांगितले जातात. पारितोषिकंही वेगवेगळी मिळाली. मला मात्र ते एकत्र सांगायला हवेत असं वाटतं, कारण त्यातली दोन कळीची कामं एकाच पत्त्यावर झाली: हायडेलबर्ग शहराच्या वर, झाडीतल्या टेकडीवर असलेली युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळा. इथे १९८०च्या सुमारास पाण्याचं काचेसारखं बर्फ झालं, आणि १९९७ साली इलेक्ट्रॉनच्या भिंगाचा साठ वर्षांचा दोष गेला.

सुरुवात बर्लिनची. १९३१ मध्ये तिथल्या तंत्रविद्यापीठात माक्स नोल आणि त्यांचा विद्यार्थी एर्न्स्ट रुस्का यांनी चुंबकीय वेटोळ्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत वळवून प्रतिमा मिळवली. १९३३ पर्यंत रुस्कांचं यंत्र प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या पुढे गेलं. त्यांचा धाकटा भाऊ हेल्मुट डॉक्टर होता. या यंत्राने रोगजंतू पाहायचे हा ध्यास त्याचा, आणि १९३९ मध्ये तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या विषाणूचं चित्र त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्धही केलं. एकाच घरात एक भाऊ भिंगामागे आणि दुसरा नमुन्यामागे लागलेला. पुढे या दोन वाटा फुटल्या त्या बराच काळ फुटलेल्याच राहिल्या.

नमुन्याची अडचण उघड होती. इलेक्ट्रॉनला निर्वात जागा लागते आणि निर्वातात पाणी टिकत नाही. सजीवातलं पाणी गेलं की प्रथिनं कोसळतात, पेशी आक्रसतात. शिवाय प्रथिन ज्या अणूंचं बनलेलं असतं ते हलके, त्यामुळे ते जेमतेम दिसतं. यावर जड धातूच्या क्षारांनी नमुना माखण्याची युक्ती निघाली. पण मग दिसायचा तो धातूचा लेप. त्याहून मोठी अडचण इलेक्ट्रॉनचीच. ज्या झोताने पाहायचं तोच झोत रेणूचे बंध तोडतो. एक चौरस अँगस्ट्रॉम जागेवर काही डझन इलेक्ट्रॉन पडले की प्रथिनाचा बारीक तपशील नाहीसा होतो. स्फटिक पाहणारा हजारोंनी इलेक्ट्रॉन ओततो, ती चैन जीवशास्त्राला परवडत नाही. कमी इलेक्ट्रॉन म्हणजे चित्रात नुसता खरखरीत करडेपणा.

केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये यातून एक वाट काढली. खाऱ्या पाण्यातल्या एका सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पडद्यात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन रांगेने मांडलेलं असतं. तो पडदा त्यांनी ग्लुकोजच्या थरात ठेवला, म्हणजे पाणी उडून गेलं तरी घडण टिकते. त्यावर अगदी मोजके इलेक्ट्रॉन सोडले आणि हजारो सारख्या रेणूंकडून मिळणारी पुसट माहिती एकत्र केली. ७ अँगस्ट्रॉमचं चित्र मिळालं, पडद्यात उभ्या असलेल्या सात दांड्या दिसल्या. अणूंची मांडणी कळण्याइतकं चित्र मिळायला हेंडरसनना आणखी पंधरा वर्षं लागली. त्यासाठी ते जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या सूक्ष्मदर्शकांच्या शोधात फिरले. १९९०च्या त्यांच्या निबंधावर बर्कलेच्या केनेथ डाउनिंग यांच्याबरोबर बर्लिनच्या फ्रिट्झ त्सेमलिन यांचंही नाव आहे. हे त्सेमलिन लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ते पुढे दुसऱ्या वाटेवरही भेटणार आहेत.

आता टेकडीवर जाऊ. १९७८ मध्ये हायडेलबर्गच्या नव्या प्रयोगशाळेत जाक दुबोशे रुजू झाले. ते स्विस भौतिकशास्त्रज्ञ, जीवशास्त्राकडे वळलेले. पाण्यासह नमुना पाहायचा तर तो गोठवायला हवा, हे आधीच ठाऊक होतं. बर्कलेला केनेथ टेलर आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी सत्तरच्या दशकातच गोठवलेल्या ओल्या स्फटिकात बारीक तपशील टिकतो हे दाखवलं होतं. पण नेहमीच्या रीतीने गोठलेल्या पाण्यात बर्फाचे स्फटिक तयार होतात. ते नमुना फाडतात आणि इलेक्ट्रॉनही भलतीकडे उधळतात. हवं होतं ते स्फटिक न होता थिजलेलं पाणी, म्हणजे रेणू जिथल्या तिथे अडकलेली काच. ती मिळायची तर पाण्याला रचना बदलायला फुरसतच मिळता कामा नये.

द्रव नायट्रोजन भरपूर थंड असतो, उणे १९६ अंश. पण त्यात काही बुडवलं की तो उकळतो आणि नमुन्याभोवती वायूचा पडदा धरतो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचत राहतो, लगेच आटत नाही. तेच इथे उलट्या दिशेने घडतं, आणि नमुना हळूहळू थंड होतो. इथेन हा वायू मात्र उणे १८३ ते उणे ८९ अंशांपर्यंत द्रवच राहतो. नायट्रोजनने थंड केलेल्या इथेनमध्ये नमुना टाकला तर इथेन उकळी न फुटता उष्णता ओढून घेतो. दुबोशे आणि त्यांचे सहकारी अ‍ॅलिस्डेअर मॅकडॉवल यांनी कार्बनच्या पातळ पापुद्र्यावर पाण्याचे बारीक थेंब फवारले आणि ते थंडगार द्रवात बुडवले. सूक्ष्मदर्शकात स्फटिकाच्या टोकदार ठिपक्यांऐवजी पसरट, धूसर वलयं दिसली. नमुना हळूहळू तापवला तेव्हा उणे १४० अंशांच्या आसपास ठिपके उमटले, म्हणजे काचेचं बर्फ झालं. आधी होती ती काचच, याचा हा पुरावा. १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

या कथेत मॅकडॉवल यांचं नाव नेहमी दुसरं येतं आणि अनेकदा येतच नाही. मला ते खटकतं. थेंब, पापुद्रे, थंड चिमटे यांची सगळी कारागिरी हातांची होती. पाण्याचा थर इतका पातळ हवा की इलेक्ट्रॉन आरपार जावा आणि इतका जाड की विषाणू बुडावा. १९८४ मध्ये मार्क एड्रियन, दुबोशे, जाँ लेपो आणि मॅकडॉवल यांनी अशा पातळ थरात तरंगत थिजलेल्या विषाणूंची चित्रं 'नेचर'मध्ये दिली. ना धातूचा लेप, ना आक्रसलेलं कवच. शोषककागदाने जादा पाणी टिपायचं आणि जाळी इथेनमध्ये बुडवायची, ही रीत आजही मुळात तीच आहे.

थिजलेल्या रेणूंची तोंडं मात्र दहा दिशांना असतात. त्या हजारो पुसट चित्रांतून एक त्रिमितीय आकार उभारायचं गणित योआखिम फ्रांक यांनी बसवलं, बरंचसं न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला. सारखी दिसणारी चित्रं एकत्र करायची, त्यांची सरासरी काढायची, कुठलं चित्र कुठल्या बाजूने घेतलंय हे संगणकाकरवी ठरवायचं. सरासरीत जितकी चित्रं जास्त तितकी खरखर कमी. फ्रांक म्युनिकला वॉल्टर होप्पे यांच्या हाताखाली शिकले होते. होप्पे यांच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

आता दुसरी वाट. तिची सुरुवात एका नकारापासून होते. १९३६ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो शेर्झर यांनी गणिताने सिद्ध केलं की इलेक्ट्रॉनचं गोल भिंग निर्दोष होऊच शकत नाही. कडेने जाणारे किरण मधल्या किरणांपेक्षा जास्त वळतात आणि बिंदूचा ठिपका होतो, हा गोलीय विपथनाचा दोष. प्रकाशाच्या दुर्बिणीत बहिर्वक्र भिंगाचा हा दोष अंतर्वक्र भिंग जोडून खोडता येतो. चुंबकीय वेटोळ्याचं भिंग नेहमी बहिर्वक्रच. अंतर्वक्र असं काही बनतच नाही. परिणामी, दोन लाख व्होल्टच्या सूक्ष्मदर्शकात इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अँगस्ट्रॉमच्या चाळिसाव्या भागाइतकी असूनही चित्र मात्र दोन-अडीच अँगस्ट्रॉमच्या पुढे सरकेना. व्होल्टेज वाढवत नेणं हा एक उपाय होता. दहा लाख व्होल्टची, मजल्यांइतकी उंच यंत्रं उभी राहिली. पण इतक्या वेगाचे इलेक्ट्रॉन अणूलाच जागेवरून उडवून लावतात.

शेर्झर यांनी १९४७ मध्ये स्वतःच आपल्या प्रमेयातून सुटण्याच्या वाटा सांगितल्या. त्यातली मुख्य: भिंग गोल असायलाच हवं हा हट्ट सोडा. चार, सहा, आठ ध्रुवांचे चुंबक वापरा आणि एकाने बिघडवलेलं दुसऱ्याकडून सुधारून घ्या. कागदावर हे बरोबर होतं. यंत्रात डझनभर चुंबक एकमेकांशी सूक्ष्म अचूकतेने जुळवायचे आणि त्यांचे प्रवाह स्थिर ठेवायचे, हे कुणाच्या हातांना जमेना. डार्मश्टाटला शेर्झर यांच्या गटाने सत्तरच्या दशकात वर्षानुवर्षं खटपट केली. १९८२ मध्ये शेर्झर गेले आणि तो प्रकल्पही थांबला. शिकागोत अल्बर्ट क्रू यांचे प्रयत्नही फळले नाहीत. ऐंशीच्या दशकात या विषयाला पैसा देणं म्हणजे पाण्यात घालणं, अशीच समजूत झाली होती.

शेर्झर यांचे विद्यार्थी हाराल्ड रोझ मात्र गणित सोडत नव्हते. षट्ध्रुवी चुंबकांची एक जोडी आणि त्यांच्यामध्ये दोन साधी गोल भिंगं: पहिला षट्ध्रुव प्रतिमा तीन अंगांनी ओढतो, दुसरा ती ओढ मोडून काढतो, आणि दोघांचा मिळून जो अवशेष उरतो तो नेमका उलट्या चिन्हाचा गोलीय दोष असतो. म्हणजे जे अंतर्वक्र भिंग बनत नव्हतं त्याचंच काम. त्यांची ही मांडणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. ती कोण बनवणार? मॅक्सिमिलियन हायडर. ऑस्ट्रियातून आलेले, डार्मश्टाटच्याच परंपरेतले, आणि तेव्हा हायडेलबर्गच्या त्याच टेकडीवर काम करणारे. आणि ती कुणाला हवी होती? युलिशच्या संशोधन केंद्रातले क्नुट उर्बान यांना. ते स्फटिकांतले दोष अभ्यासत होते. त्यांना अणूंच्या रांगा स्पष्ट हव्या होत्या. १९८९ मध्ये साल्झबर्गच्या एका परिषदेत हे तिघे एकत्र बसले. नेहमीच्या सरकारी वाटेने पैसा मिळण्याची आशा नव्हती. फोल्क्सवागेन प्रतिष्ठानाने १९९१ मध्ये तो दिला.

म्हणजे सिद्धान्त एका शहराचा, गरज दुसऱ्या शहराची आणि बांधणी एका जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. हायडरना यश मिळालं त्यात षट्ध्रुवाइतकाच वाटा मोजमापाचा होता. भिंगात कोणता दोष किती आहे हे कळल्याशिवाय तो घालवता येत नाही. झोत वेगवेगळ्या कोनांनी तिरपा करून घेतलेल्या चित्रांतून दोष ओळखायची रीत बर्लिनच्या त्सेमलिन यांनी १९७८ मध्येच मांडली होती. हेच ते हेंडरसनचे त्सेमलिन. डिजिटल कॅमेरा आणि संगणक आल्यावर ते मोजमाप मिनिटांत होऊ लागलं आणि चुंबकांची जुळवणीही संगणकच करू लागला. आधीच्या पिढ्यांकडे बुद्धी कमी नव्हती, ही दोन साधनं नव्हती. १९९७ मध्ये यंत्र चाललं. १९९८च्या 'नेचर'मधल्या निबंधात त्याच सूक्ष्मदर्शकाची मजल २.४ वरून १.४ अँगस्ट्रॉमच्याही आत आल्याची नोंद आहे. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये ओंद्रेई क्रिव्हानेक आणि निक्लस डेल्बी यांनी बिंदूबिंदूने चित्र घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या सूक्ष्मदर्शकाचा दोष वेगळ्या रचनेने घालवला. २०२०चं काव्हली पारितोषिक रोझ, हायडर, उर्बान आणि क्रिव्हानेक या चौघांना मिळालं.

यंत्र टेकडीवरून युलिशला गेलं, मटेरियल सायन्सकडे. तिथे २००३ मध्ये उर्बान यांच्या गटाने सिरॅमिकातल्या जड अणूंच्या शेजारी बसलेले हलके ऑक्सिजनचे अणू दाखवले. अतिवाहक आणि विद्युत सिरॅमिक यांचे गुण ऑक्सिजन कुठे आहे, कुठे गैरहजर आहे यावर ठरतात. तोवर तो अणू जवळजवळ अदृश्यच होता. पुढच्या दशकभरात हे दोषनिवारक मटेरियल सायन्सच्या मोठ्या प्रयोगशाळांमध्ये रूढ झालं.

जीवशास्त्रज्ञांनी मात्र ते फारसं घेतलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं घोडं भिंगापाशी अडलेलंच नव्हतं. भिंगाचा तेवढा दोष ते नंतर गणिताने दुरुस्त करू शकत होते. अडत होतं ते इलेक्ट्रॉनच्या तुटवड्यापाशी. हेंडरसन यांनी १९९५ मध्ये हिशेब करून सांगितलं होतं की निसर्गाच्या नियमांत अडथळा नाही, अडथळा चित्रांच्या प्रतीत आहे. फिल्म मंद होती. डिजिटल कॅमेरे इलेक्ट्रॉनचा आधी प्रकाश करायचे आणि मग मोजायचे, त्यात तपशील पुसला जायचा. इलेक्ट्रॉन थेट मोजणारा सिलिकॉनचा सेन्सर हवा होता. हेंडरसन, वासी फारुकी आणि ग्रेग मॅकमुलन यांनी केंब्रिजला त्यासाठी अनेक वर्षं दिली. अमेरिकेतही तेच काम चालू होतं. २०१२-१३ मध्ये असे कॅमेरे हातात आले. ते इतके जलद होते की एका चित्राऐवजी छोटा चित्रपटच घेता येई. झोत पडताच बर्फ किंचित हलतं आणि चित्र फराटतं; आता चौकटी एकमेकींवर जुळवून ते हलणं काढून टाकता आलं. डिसेंबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या यिफान चेंग आणि डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटांनी मिरचीच्या तिखटाला प्रतिसाद देणाऱ्या मज्जापेशींतल्या प्रथिनाची रचना ३.४ अँगस्ट्रॉमला दाखवली. या प्रथिनाचे उपयोगी स्फटिक कुणाला मिळाले नव्हते. त्यानंतर रचनांची रीघ लागली. ऑक्टोबर २०१७ मध्ये दुबोशे, फ्रांक आणि हेंडरसन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच महिन्यात एक वेगळा निबंध 'सायन्स'मध्ये आला. मला तो नोबेलइतकाच मोलाचा वाटतो. स्टॅनफर्डचे यी चुई बॅटरीतल्या लिथियमवर काम करतात. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे सुईसारखे तंतू वाढतात, ते पलीकडच्या टोकाला टेकले की आतल्या आत शॉर्ट होतो. ते तंतू पाहता येत नव्हते, कारण लिथियम हवेत टिकत नाही आणि इलेक्ट्रॉनच्या झोतात वितळल्यासारखं होतं. चुई यांच्या गटाने जीवशास्त्रज्ञांची रीत उचलली. बॅटरीतून काढलेला नमुना थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकला आणि थंड ठेवूनच पाहिला. तंतू अखंड होते, एकेक तंतू म्हणजे एकेक स्फटिक, आणि लिथियमच्या अणूंच्या रांगा मोजता येत होत्या. दुबोशेंच्या रीतीचा धडा अशा प्रकारे मटेरियल सायन्समध्ये गेला.

२०२० हे वर्ष या सगळ्या साधनांच्या कसोटीचं ठरलं. नव्या कोरोना विषाणूची जनुकीय रचना जानेवारीत जाहीर झाली आणि १९ फेब्रुवारीला टेक्सासमधल्या जेसन मॅक्लेलन यांच्या गटाने त्याच्या काटेरी प्रथिनाची ३.५ अँगस्ट्रॉमची रचना प्रसिद्ध केली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून तो विषाणू दाखवला. रुग्ण केरळमधला, ३० जानेवारीला निदान झालेला. पुण्याची रीत जुनी, धातूच्या क्षाराने माखण्याची. सात कण सापडले, सरासरी ७० ते ८० नॅनोमीटरचे, कडेला काट्यांची किनार. दोन्ही कामांची गरज होती. विषाणू कसा दिसतो हे रुग्णाच्या नमुन्यातूनच कळायचं होतं आणि लस कुठे रोखायची हे अणूंच्या रचनेतून.

वर्ष सरता सरता ते दोन निबंध आले. ग्योटिंगेनच्या होल्गर श्टार्क यांच्या गटाने आपल्या यंत्रात सर्व इलेक्ट्रॉनची ऊर्जा एकसारखी करणारं उपकरण बसवलं होतं आणि गोलीय दोष घालवणारं दुसऱ्या पिढीचं दोषनिवारकही. हायडर यांनी टेकडीवर सुरू केलेलं काम दुबोशेंच्या बर्फाला असं येऊन मिळालं. केंब्रिजच्या यंत्रात दोषनिवारक नव्हतं. त्यांनी झोताचा नवा उगम, नवा ऊर्जागाळणा आणि नवा कॅमेरा यांच्या बळावर १.२२ गाठलं, आणि काही हायड्रोजन अणूंच्या खुणाही दाखवल्या. एकाच ठिकाणी दोन रस्त्यांनी पोहोचल्यामुळे निष्कर्षाबद्दल शंका उरली नाही.

राहिले वॉल्टर होप्पे. १९६९ मध्ये त्यांनी सुचवलं होतं की भिंगाने प्रतिमा बनवायचीच कशाला? झोत नमुन्यावर थोडाथोडा सरकवावा, प्रत्येक जागी विखुरलेल्या इलेक्ट्रॉनची नक्षी नोंदवावी, आणि एकमेकांवर चढणाऱ्या त्या नक्ष्यांतून प्रतिमा गणिताने काढावी. या रीतीला टायकोग्राफी म्हणतात. त्यासाठी लागणारे कॅमेरे आणि संगणक त्यांच्या हयातीत नव्हते. २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड म्युलर यांच्या गटाने या रीतीने ०.३९ अँगस्ट्रॉम गाठलं. २०२१ मध्ये प्रेसिओडिमियम आणि स्कँडियमच्या ऑक्साइडचा स्फटिक त्यांनी इतक्या बारकाईने पाहिला की चित्रात उरलेला धूसरपणा यंत्राचा नव्हता. तो अणूंच्या स्वतःच्या, उष्णतेमुळे चालणाऱ्या थरथरीचा होता.

साहजिकच हीच रीत प्रथिनांवर चालेल का, हा प्रश्न आला. २०२४ मध्ये थिजवलेल्या अपोफेरिटिनवर ती वापरून ५.८ अँगस्ट्रॉमचं चित्र मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. नेहमीच्या रीतीच्या १.२२च्या पुढे हा आकडा फिका आहे. कारण जुनंच आहे: कॉर्नेलच्या स्फटिकाला जितके इलेक्ट्रॉन चालतात त्याचा अगदी लहानसा हिस्साच प्रथिन सोसतं. पण टायकोग्राफी जवळजवळ प्रत्येक विखुरलेला इलेक्ट्रॉन कामाला लावते, त्यामुळे तुटवड्याचा हिशेब तिच्या बाजूने वळू शकतो. जलद कॅमेरे आणि आणखी थंड, आणखी स्थिर नमुने यांवर सध्या काम चालू आहे.